जेवणाच्या टेबलावरचा गंज

खाऱ्या पाण्याचं काचेचं भांडं जेवणाच्या टेबलावर ठेवून गंजतज्ज्ञाने घरच्यांना बजावलं, "आज या टेबलावर कुणी जेवायचं नाही."

"मग हे काय जेवणार आहे?" पाण्यात बुडवलेल्या लोखंडी पट्टीकडे बोट दाखवत बायकोने विचारलं.

प्रयोगशाळेचं छत गळायला लागलं, म्हणून गंज मोजायचं यंत्र घरी आलं होतं. पट्टी होती बंदराच्या धक्क्याच्या खांबाची. बुडालेलं लोखंड किती वेगाने झिजतंय, हे वर्षानुवर्षं वाट न बघता मोजायची विद्या गंजतज्ज्ञाला येत होती, आणि ती सांगायला त्याला फक्त समोर एक कान लागे.

"हे बघ, पाण्यात लोखंड गंजतं तेव्हा इवलीशी वीज वाहते. आपण पट्टीला विजेची हलकीशी टिचकी मारायची आणि ती किती कुरकुरते ते मोजायचं. कुरकुर जितकी जास्त, तितका गंज जास्त. एक तार पट्टीला. दुसरीतून वीज ये-जा करते. तिसरी काही करत नाही, नुसती शांतपणे बघत बसते."

"म्हणजे मी भांडी घासत असताना तुम्ही."

"अगं, तिच्याशिवाय मोजमापच होत नाही!"

"तुमचंही म्हणणं तेच असतं."

संध्याकाळी बंदराचे साहेब मोजमाप बघायला यायचे होते. यंत्राच्या पडद्यावरची रेघ सरळ आली तर अख्ख्या धक्क्याचं काम गंजतज्ज्ञाचं. नाहीतर ते प्रयोगशाळेत शेजारच्या खोलीत बसणाऱ्या गोडबोल्या सहकाऱ्याकडे जाणार. या कामावर त्याचा फार दिवस डोळा होता.

तो खुर्ची ओढून पडद्यासमोर बसला, आणि रेघ नाचायला लागली.

"घरातली वीज घुसतेय! पंखा बंद करा!"

पंखा थांबला. रेघ नाचतच होती. मग फ्रिज बंद झाला आणि बायको दुधाचं पातेलं घेऊन शेजारी गेली. कपडे धुण्याचं यंत्र मध्येच गप्प झालं. साहेबांसमोर घालायचा सदरा आत फेसात अडकला. शेवटी त्याने घराचा मुख्य खटकाच खाली ओढला. गंजाचं यंत्र बॅटरीवर चालू, बाकी सगळं घर मुकं. तरी रेघ आपली नाचतेच आहे.

"वरच्यांचा पंप!" असं ओरडून तो जिना चढून गेला. वरचे काका अंगाला साबण लावून उभे असतानाच पंप बंद पडला. त्यांनी दाराआडून काढलेले शब्द ऐकत गंजतज्ज्ञ खाली आला, तर काय! रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ. आणि त्याच्या खुर्चीत आई, डोळे मिटून, हातात जपमाळ.

"खिडकीपाशी जरा वारा येतो रे, म्हणून बसले," आई उठत म्हणाली.

तो आनंदाने खुर्चीत बसला. रेघ पुन्हा नाचू लागली.

"आई, मघाशी तू काय करत होतीस?"

"काय करणार? नाम घेत होते."

गंजतज्ज्ञाने पडद्याकडे पाहिलं, पदवी बाजूला ठेवली आणि हात जोडले. "मग घे ना! थांबू नकोस!"

"लोखंडासाठी देवाला वेठीला धरू नये बाळा," आई म्हणाली. पण लेकाचा चेहरा बघून समोर बसली आणि तिने माळ सुरू केली. रेघ काही थांबेना.

"मनापासून घे गं!"

"मी मनापासूनच घेते. तू मला नको शिकवू."

तेवढ्यात शेजारून परतून सदरा वाळत घालणाऱ्या बायकोच्या हातून कपड्याचा चिमटा टेबलाखाली पडला. ती वाकली, आणि खालूनच तिचा आवाज आला, "अहो, पाय!"

गंजतज्ज्ञाचा उजवा पाय शिवणयंत्रासारखा चालू होता. गुडघा टेबलाला लागत होता, टेबल डुगडुगत होतं, वर पाणी हिंदकळत होतं. पाणी हिंदकळलं की हवेतला प्राणवायू पट्टीपर्यंत जास्त पोचतो आणि गंज उसळी मारतो, हे त्यानेच दोन पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना शिकवलं होतं.

पाय थांबला. रेघ निवली.

"लहानपणापासून सांगतेय," आई एवढंच म्हणाली आणि तिने पुढचा मणी ओढला.

साहेब आले. गंजतज्ज्ञ ओल्या सदऱ्यात भिंतीला पाठ लावून उभा राहिला. बसायचं नाव नाही. साहेबांनी खुर्ची घेतली. "वा! काय रेघ आहे!" ते म्हणाले, आणि विचारात पडले. विचारात पडल्याबरोबर रेघ थरथरली, मग नाचू लागली. तिघांनी हळूच टेबलाखाली पाहिलं. साहेबांचा पाय.

आता सांगणार कोण? बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं.

आईने माळ डोळ्यांना लावून खाली ठेवली आणि साहेबांच्या गुडघ्यावर अलगद हात ठेवला. "पाय हलवू नये बाळा. लोखंड गंजतं."

साहेब दचकले. पाय थांबला आणि रेघ हळूहळू सरळ झाली. साहेब बराच वेळ एकदा पडद्याकडे, एकदा गुडघ्याकडे बघत राहिले.

"आमची आईसुद्धा ओरडायची," ते हळू आवाजात म्हणाले. "पण तिच्याकडे पुरावा नव्हता."

मग दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवून ते गंजतज्ज्ञाकडे वळले. "धक्क्याचं काम तुमचंच. फक्त यंत्र लावायला जाल तेव्हा आईंना बरोबर न्या."