रेवाच्या रक्तातली दाजींची काळजी

रेवाच्या रक्तात तिच्या वडिलांची काळजी सापडली. रिपोर्टमध्ये तसं स्वच्छ छापलं होतं.

"बदलीची काळजी: अडतीस. गुडघ्याची: बावीस. शेजारच्या मोकाशींनी गाडी घेतल्याची: अल्प प्रमाणात. मुलांसाठी मर्यादा शून्य ते चार. मूळ मालक: दिगंबर टिळेकर, वडील."

रेवा माझी भाची, वय वर्षं सात. रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. गॅस बंद आहे का, हे ती तीनदा बघून यायची. खेळायला बोलावलं की "या वयात गुडघे जपावे लागतात" म्हणून पायरीवर बसून राहायची. माझी बहीण नलिनी अगदी रडकुंडीला आली होती. मीठमोहरीने दृष्ट काढून झाली, काही फरक पडला नाही, म्हणून मग रक्त तपासलं.

दाजींना रिपोर्ट पटला नाही. "नमुने बदलले असतील. मी घरात काळजीचा एक शब्द तरी काढतो का?"

काढत नाहीत, हे खरं. दाजींना कधीही विचारा, ते मजेत. बदलीची यादी निघणार असं ऐकून आले त्या दिवशीही "मजेत" म्हणाले आणि तीन पोळ्या खाऊन उठले.

रिपोर्टखाली सूचना होती: मालकाने काळजी सात दिवसांत परत न्यावी. दाजींनी माझ्या नावे अधिकारपत्र लिहिलं, आधारकार्डाची झेरॉक्स जोडली आणि तिच्यावर सही केली.

"तूच घेऊन ये, विनायक. मला ऑफिस आहे."

लॅबच्या काउंटरवर घोलपबाईंनी चष्म्यावरून पत्र वाचलं. "मामाला देता येत नाही."

"अहो, मी घरचाच आहे."

"तुम्हाला मुलं आहेत?"

"दोन."

"मग उद्या त्यांच्या रक्तात सापडेल आणि तुम्ही पुन्हा माझ्यासमोर. मालकाला आणा. मुलीलाही आणा, उपाशीपोटी."

दाजींना तिथे नेईपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. घोलपबाईंनी त्यांना रेवासमोर स्टुलावर बसवलं.

"मोठ्याने बोलायचं. पुटपुटलेलं धरत नाही."

दाजींनी मागे पाहिलं. साखर तपासायला आलेली आठ माणसं मन लावून बघत होती.

"मजेत," दाजी म्हणाले.

"हे रिपोर्टमध्ये नाही," घोलपबाई म्हणाल्या.

पाच मिनिटं गेली. रांगेतले एक आजोबा वैतागले. "बोला की राव! आम्ही रात्रीपासून उपाशी आहोत."

रेवा पोट धरून बसली होती. तिच्याकडे बघून दाजी एकदम मोठ्याने बोलू लागले.

"बदली झाली तर तुम्हाला सोडून जावं लागेल, याची मला भीती वाटते. गुडघा फार दुखतो. जिना चढताना मी फोन आल्याचं नाटक करून मध्येच थांबतो." मग म्हणाले, "मोकाशींची गाडी छान आहे."

रांगेने माना डोलावल्या. मला तर, खरं सांगतो, गहिवरून आलं.

घोलपबाईंनी दोघांचेही नमुने घेतले. तासाभराने कागद आले. रेवाच्या तिन्ही ओळी शून्यावर होत्या. दाजींचे आकडे बघून मात्र मी हबकलो.

"आता माझं काय?" दाजींनी विचारलं.

"वय?"

"चव्वेचाळीस."

"मग नॉर्मल आहे."

रेवाच्या कागदावर खाली एक नवी ओळ होती. "बाबांचा गुडघा दुखतो याची काळजी: तीन. मूळ मालक: रेवा टिळेकर."

दाजी कासावीस झाले. "बाई, एवढी पण काढून द्या ना. हवं तर आणखी बोलतो."

"ती तुमची नाही, तिची आहे. मर्यादेतही आहे." घोलपबाईंनी शिक्का मारला.

"म्हणजे ती माझ्याकडेच राहणार?" रेवाने विचारलं.

"हो."

"बरं," रेवा म्हणाली. तिने कागद माझ्या हातात कोंबला आणि दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरू लागली.

"अगं हळू, पडशील!" दाजी सगळ्या लॅबला ऐकू जाईल असे ओरडले.