गुलाबरावांचा पी.पी. नंबर

फोन वाजला की गुलाबराव आधी डोक्यावर टोपी घालत आणि मगच रिसीव्हर उचलत. अंगात फक्त बनियन असलं तरी चालेल, पण टोपी हवीच. "पलीकडे कोण हाय कोणाले माहीत? मोठा माणूसबी असू शकते!"

धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत पहिला फोन त्यांचाच. रिटायर झालेला हा एकटा माणूस, पण डोक्यात सदा धंदा. "मोठ्या बाजारात सगळेच घुसतेत गा मास्तर. आपण बारीक बाजार पाहाचा!" आधी त्यांनी नरखेडच्या बागाईतदारांना कलकत्त्याचा संत्र्याचा भाव कळवायचा धंदा काढला. पण ट्रंककॉल लागेपर्यंत संत्री विकून मोकळी. धंदा बसला. मग त्यांना खरा बारीक बाजार सापडला, उपवर मुलींचे बाप!

मुलीच्या माहितीच्या कागदावर पत्त्याखाली फोन नंबर दिसला की वरपक्ष जरा दबून बोलतो. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना गुलाबराव आपला नंबर 'पी.पी.' म्हणून, म्हणजे शेजाऱ्याचा म्हणून, भाड्यानं देत. फोन आला की भारदस्त आवाजात, "साहेब पूजेत हायेत, थांबा," आणि मग धावत जाऊन साहेबाला नळावरून ओढून आणायचं.

आमच्या सुमनसाठी मीही तो नंबर घेतला. अमरावतीचं स्थळ आलं. मुलगा सुमनच्या मनात भरला होता, तसं तिनं आईला सांगितलंही होतं. आता फक्त होकाराचा फोन यायचा होता.

फोन आला, पण गुलाबराव मला बोलवायला आलेच नाहीत. त्यांच्या खिडकीवरून जाताना मीच ऐकलं.

"पोरगा दारू पिते का? राग आला तर ताट फेकते का? पोरगी आजारी पडली तर तिचं कोण पाहीन? बोला ना, काहून चूप बसले? मी कोण? मी तिचा काका होय!"

मी आत घुसलो तोवर तिकडून फोन आपटला होता.

माझं टाळकंच सटकलं. "वाटोळं केलं तुम्ही माझ्या पोरीचं! अहो, मी फोन भाड्यानं घेतला होता, काका नाही!"

गुलाबरावांनी डोक्यावरची टोपी काढून खुंटीला अडकवली. घरी सुमननं रडून डोळे सुजवले.

पुढच्या रविवारी मुलाचे वडील दारात हजर, सोबत मुलगा. "काका कुठं आहेत? आधी रागच आला होता. मग वाटलं, पोरीसाठी इतकं विचारणारं घर चांगलंच असणार. घ्या, मुलगाच आणलाय. विचारा त्याला."

लग्न ठरलं. पेढे घेऊन मी गुलाबरावांकडे गेलो. "पण एवढं सगळं विचारायचं सुचलं कसं तुम्हाला?"

पेढा त्यांच्या हातातच राहिला. "माही धाकटी बहीण होती, शांता. तिच्या वेळेस सोयऱ्याले काही विचाराची मले लाज वाटली. लई भोगलं गा तिनं. गेली बिचारी." मी नुसताच त्यांच्याजवळ बसून राहिलो.

लग्नानंतर महिन्याभरानं अमरावतीहून ट्रंककॉल आला. सुमनचा आहे कळताच मी पळत गेलो आणि रिसीव्हरसाठी हात पुढे केला. गुलाबरावांनी माझ्याकडे पाठच फिरवली.

"थांबा जरा मास्तर. तिनं मलेच लावला हाय." आणि मग फोनमध्ये, अगदी हळू, "हां, बोल वं सुमन. काका बोलून राहिलो."