पाचवा रोट

टोपलीवरचा पांढरा फडका मालतीबाईंनी उचलला, आत पाहिलं, फडका परत टाकला आणि पुन्हा उचलला. मधल्या वेळेत देवी काही करील अशी आशा असावी. पण रोट चारच होते.

"पाच व्हतात. चार शेतस," त्या म्हणाल्या. सुरतेत तीस वर्षं काढली तरी संतापल्या की त्यांच्या तोंडी गावची अहिराणीच येई.

मालतीबाईंच्या घरात प्रत्येक गोष्टीला नियम होता. शनिवारी नवा झाडू आणायचा नाही, पोटातली गोष्ट तीन महिने ओठावर आणायची नाही, उंबऱ्यावर बसून शिंकायचं नाही. श्रावणात घरी बसवायच्या कानबाई देवीच्या रोटांचे नियम तर विचारूच नका. गहू मोजायचे ते घरातल्या डोक्यांमागे मुठीनं. डोक्यामागे एक गुळाचा रोट, आणि तो विसर्जनाहून परतल्यावर सगळ्यांनी एकत्र बसून खायचा. आपला वाटा सोडायचा नाही. आणि भाऊबंद सोडून बाहेरच्याच्या तोंडी कणसुद्धा जाऊ द्यायचा नाही. गेला, तर घराची बरकत गेली. घरात डोकी पाच: स्वतः मालतीबाई, यजमान भिकनराव, मुलगा वाल्मिक, सून वर्षा आणि कॉलेजात जाणारी मुलगी जयश्री. तापीवर कानबाईचं विसर्जन करून वाल्मिक परस्पर उधन्याला कारखान्यात तोंड दाखवायला गेला होता. बाकीचे चौघे टोपलीभोवती उभे होते.

"कोणी खाल्ला?"



"आई, माझ्या वाटचा राहू द्या. मला तशी भूक नाही," वर्षा हळूच म्हणाली.

"वाटा सोडता येत नाही, माहितीय ना? घराची चावी कोणाकडे होती?"

चावी वरच्या खोलीतल्या बाबुरावांकडे होती. बाबुराव आणि सुमन हे परभणीकडचं जोडपं चार वर्षांपासून त्यांचं भाडेकरू. घरातले बाहेर गेले की पाण्याची मोटर चालू करायला चावी त्यांच्याकडेच असे.

एवढ्यावर थोडी कुजबुज होऊन प्रकरण थंड झालं असतं. पण जयश्री समाजशास्त्र घेऊन बी. ए. करत होती. दुसऱ्या दिवशी 'गुन्हा आणि विचलन यांचे प्रमुख सिद्धांत' या विषयावर तिची तोंडी परीक्षा होती, आणि सरांनी आजूबाजूचं खरं उदाहरण आणायला सांगितलं होतं. पंधरा दिवस तिला गल्लीत एक धड गुन्हा सापडत नव्हता. आता तो आपल्या पायांनी घरी आला होता.

"थांब आई. असं कोणाचंही नाव घ्यायचं नाही. याला शास्त्र आहे," ती वही काढत म्हणाली. "पहिला ताण सिद्धांत. माणसाला एखादी गोष्ट हवी असते, पण सरळ मार्ग बंद असतो. मग तो वाकडा मार्ग धरतो. आपल्या घरात गोड कोणाला हवं असतं आणि कोणाला बंद आहे?"

तीन माना एकदम भिकनरावांकडे वळल्या. त्यांना तीन वर्षांपासून साखरेचा आजार होता.

"देवीची शपथ, रोटाला मी हात लावला नाही," भिकनराव घाबरून म्हणाले. "गोड खायचं तर मी उधन्याला तुपातली सुरती घारी खाऊन येतो, घरात कशाला चोरू?"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो. तोवर मालतीबाईंनी पदर खोचला होता.

"घारी? केव्हापासून?"

"पगाराच्या दिवशी फक्त. आणि एकटा नाही खात, बाबुराव असतो सोबत."

"पप्पा, हा तर दुसरा सिद्धांत," जयश्री खुशीत लिहू लागली. "संगत. माणूस गुन्हा आईच्या पोटातून शिकून येत नाही, चार जणांत बसून शिकतो."

"म्हणजे यांना बाबुरावनं बिघडवलं," मालतीबाई म्हणाल्या. खरं तर घारीचं दुकान बाबुरावांना भिकनरावांनीच दाखवलं होतं, पण त्या क्षणी भिकनरावांना इतक्या बारकाव्यात शिरावंसं वाटलं नाही.

"आणि तिसरा, नियंत्रण सिद्धांत. नात्यागोत्याचा धाक असला की माणूस सरळ वागतो. तो नसला की मोकाट सुटतो."

"बाबुरावची इथं भाऊकी नाही की सोयरे नाहीत," मालतीबाईंनी बोटं मोडली. "धाक नाही, चावी मात्र आहे. शिकलेली पोर तीन-तीन सिद्धांत सांगते, ते काय खोटे? श्रावण संपला की खोली खाली करा म्हणावं."

वर्षाचा चेहरा उतरला. लग्न होऊन या घरात आल्यापासून सुमन ही तिची एकच मैत्रीण होती. ती काही बोलणार होती, पण तोंडाला पदर लावून मोरीकडे गेली.

सुरतेच्या गोडादऱ्यातल्या या वस्तीच्या भिंती अशा, की खाली मिरची फोडणीला टाकली तर वर शिंक येते. बाबुरावांनी सगळं ऐकलं. ते साधे गृहस्थ. ज्या घरानं चोर ठरवलं त्या घरासमोरून जायचं कसं, या विचारानं त्यांनी तासभर दूध आणायचं टाळलं. शेवटी सुमननं ढकललं तेव्हा त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि चवड्यांवर जिना उतरू लागले. त्याच वेळी खोली खाली करायचा निरोप सांगायला मालतीबाईंनी दार उघडलं.

"चपला हातात का, बाबुराव?"

"जिना ओला हाय, मावशी. घसरायला व्हतंय," बाबुराव म्हणाले.

जिना खडखडीत कोरडा होता. बाबुराव खाली मान घालून तसेच निघून गेले, चपला हातातच घेऊन.

"पाहिलं? चोर नसता तर असा चोरासारखा चालला असता का?"

"आई, चौथा सिद्धांत! शिक्का," जयश्री दारातूनच म्हणाली. "लोकांनी एकदा शिक्का मारला, की माणूस तसाच वागायला लागतो. आधी शिक्का, मग..."

तिचा पेन थांबला. शिक्का तिनेच मारला होता. तिच्या ॲडमिशनच्या फॉर्मसाठी याच माणसानं भर उन्हात दोन तास लाइन लावली होती. जयश्रीला स्वतःची लाज वाटली.

"आई, त्यांनी खाल्ला नसेल," ती म्हणाली.

"मग काय देवीनं खाल्ला?"

"मी खाल्ला," मागून वर्षा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "सकाळी, तुम्ही देवीची ओटी भरत होता तेव्हा."

"मग तुझाच वाटा ना तो? आधी खाल्ला एवढंच. तेव्हाच बोलायचं."

"माझा नव्हता खाल्ला. माझा मी सोडणार होते, पण तुम्ही म्हणता वाटा सोडता येत नाही. मी खाल्ला तो..." वर्षानं पोटावर हात ठेवला. "घरात डोक्यामागे एक रोट. याचंही डोकं आहेच ना? पण दोनच महिने झालेत. आणि तीन महिने ओठावर आणायचं नाही, असं तुम्हीच सांगता. मग गहू मोजताना एक मूठ जास्त कशी मागू?"

जयश्रीनं वहीची पानं उलटून पाहिली. नियम माणूस का मोडतो याचे सिद्धांत पानोपानी होते. दोन नियम एकदम पाळल्यामुळे झालेल्या चोरीचा एकही नव्हता.

मालतीबाईंनी बोटांवर मोजलं. एकदा पाच आले, एकदा सहा. मग त्यांनी वर्षाला जवळ ओढून तिच्या तोंडावरून हात फिरवला.

"म्हणजे मोजायला मीच चुकले," त्या म्हणाल्या. "तू खाल्लास तो माझा रोट. आजीचा वाटा नातवाला चालतो."

"हा नियम कधीचा?" भिकनरावांनी विचारलं.

"आताचा. तुमच्या घारीचं रात्री बघते."

संध्याकाळी मालतीबाईंनी रोजच्या डब्यातलं पीठ भिजवून पुरणपोळ्या केल्या. त्यांना रोटाचा नियम नव्हता, त्या कोणीही खाव्यात. ताट झाकून त्या जिन्याशी आल्या. वर काय बोलायचं हे काही सुचेना. तीस वर्षांत त्यांनी कोणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे सवय नव्हती. ताट दाराशी ठेवून निघून यावं, सुमनला चाहूल लागू नये, म्हणून त्यांनी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि चवड्यांवर जिना चढू लागल्या.

सहाव्या पायरीवर मागून आवाज आला.

"चपला हातात का, मावशी?"

पिशवी घेऊन बाबुराव खाली उभे होते.

"जिना ओला आहे," मालतीबाई वळून न बघता म्हणाल्या.

बाबुरावांनी कोरड्या जिन्याकडे पाहिलं, झाकलेल्या ताटाकडे पाहिलं.

"व्हय मावशी, लई ओला हाय," ते म्हणाले, आणि आपल्याही चपला काढून हातात घेऊन त्यांच्यामागून जिना चढू लागले.