गरुडाला गोंगाट लागतो

डार्ट्सच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेसाठी निवड झाली त्या दिवसापासून फरशी बसवणाऱ्याला घरात नेहमीच्या नावानं हाक मारायची बंदी झाली. या खेळातल्या बड्या खेळाडूंना टोपणनाव असतं, असं त्यानं टीव्हीवर पाहिलं होतं. म्हणून त्यानं आरशासमोर उभं राहून स्वतःचं नाव ‘गरुड’ ठेवलं. पोट पँटच्या पट्ट्यावरून खाली ओघळलेलं, गुडघे कुरकुरणारे, आणि वर जायचं म्हटलं तर जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबणारा असा हा गरुड होता.

खेळ त्याच्या प्रकृतीला मानवणारा होता. भिंतीवर गोल फळा टांगायचा आणि चार पावलांवरून त्यात एका पाळीला तीन डार्ट, म्हणजे छोटे टोकदार बाण, फेकायचे. धावणं नाही, वाकणं नाही, पोट आड येत नाही. पाचशे एकवरून सुरुवात करायची, मिळतील ते गुण वजा करत जायचे आणि नेमकं शून्यावर यायचं. फक्त शेवटचा डार्ट फळ्याच्या कडेच्या बारीक पट्टीत लागावा लागतो. तिला डबल म्हणतात. त्या बोटभर पट्टीसाठी मोठमोठे बाप्ये रडतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि त्याला जग जिंकणं म्हणतात.

गरुडाची बायको पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात फोनवर तक्रारी ऐकायची. नळ कोरडा पडला की लोक तिच्या कानात ओरडत. संध्याकाळी घरी आल्यावर थोडी शांतता मिळावी, एवढीच तिची अपेक्षा होती. तिनं नवऱ्याला सरळ सांगितलं, “हौस म्हणून जा. पण हरून आलात की दुसऱ्या दिवसापासून कामावर. ठेकेदारानं तुमची जागा ठेवलीय.”

“आणि जिंकलो तर?”

“तर मग बघू,” ती म्हणाली. तशी वेळ येईल असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

याच सुमारास तिचा धाकटा भाऊ घरी राहायला आला. त्याची कुठलीच नोकरी टिकत नसे, त्यामुळे सल्ला द्यायला त्याच्याकडे भरपूर वेळ होता. त्यानं गळ्यात शिट्टी अडकवली आणि आपण गरुडाचे मॅनेजर झाल्याचं जाहीर केलं.

“दाजी, तुमच्या हातात दोष नाही,” तो म्हणाला. “तिथं हजारो लोक असतात. गातात, बोंबलतात. कोणी गाजराचा वेश करून येतं, कोणी कोंबडीचा. आपल्या घरातल्या शांततेत तुम्ही शंभरदा मारा, तिथं लटपटणार. म्हणून उद्यापासून गोंगाटात सराव.”

“कसला गोंगाट?” बायकोनं विचारलं.

“ताई, तुला यातलं कळत नाही. हे शास्त्र आहे.”

शास्त्राची सुरुवात सासूबाईंपासून, म्हणजे गरुडाच्या आईपासून झाली. त्यांना एक ताट आणि डाव देऊन खुर्चीवर बसवलं. पहिल्या दिवशी लेकानं नेम धरला की त्या ताट वाजवत म्हणायच्या, “मार रे माझ्या सोन्या!”

“आजी, सोन्या नाही! टोचून बोला. त्यांचा अपमान व्हायला हवा.”

“पोटच्या पोराचा?”

“त्यांच्या भल्यासाठी.”

भल्यासाठी म्हटल्यावर सासूबाईंची भीड चेपली. आठवड्याभरात त्यांना त्यात गोडी वाटू लागली. लेकाचं सगळं लहानपण त्यांनी बाहेर काढलं. “अंथरूण ओलं करायचास तू, तू काय नेम धरणार!” असं त्या ताटाच्या तालावर म्हणायच्या आणि मेहुणा शिट्टी फुंकायचा. गरुड डार्ट फेकायचा आणि तो नेमका लागायचा. बायको मात्र एक शब्द बोलत नसे. कानात कापूस घालून ती स्वयंपाकघरात उभी राहायची.

खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथं खुर्चीत पेशंट आ वासून पडलेला असायचा, डॉक्टरांच्या हातातलं यंत्र गुरगुरायला लागायचं, आणि नेमका त्याच वेळी वरून आवाज यायचा, “हात थरथरतोय बघ! आता भलतीकडेच घुसवणार हा!” एक बाई गळ्यातल्या कागदी रुमालासकट पळून गेल्या. एका गृहस्थांनी डॉक्टरांचा हात धरला तो सोडेनातच.

डॉक्टर तणतणत वर आले. “हा काय तमाशा लावलाय? माझा धंदा बसवता काय? लाज वाटत नाही?”

त्याच क्षणी गरुडानं हात सोडला आणि डार्ट डबलच्या बरोबर मध्ये जाऊन बसला.

मेहुण्याचे डोळे चमकले. “डॉक्टर, काय सुंदर बोललात! जरा पुन्हा म्हणा. दाजी, घ्या नेम.”

“पुन्हा? अहो, तुम्ही माणसं आहात की कोण?”

दुसराही तिथंच बसला. त्यानंतर डॉक्टर रोज संध्याकाळी भांडायला येत, मनापासून वाटेल ते बोलत आणि गरुडाचा खेळ सुधारून खाली जात. पोलिसांत जाईन, असं ते म्हणाले तेव्हा मेहुणा म्हणाला, “घेऊनच या. तेही दोन शब्द बोलतील.”

एका रविवारी सासूबाई देवाला गेल्या होत्या आणि मेहुणा केस कापायला गेला होता. दवाखाना बंद होता. बायकोनं कानातला कापूस काढला आणि कितीतरी दिवसांनी तिला घड्याळाची टिकटिक ऐकू आली. ती बाहेर आली तर नवरा फळ्यासमोर हात उचलून उभा. हात मागे जायचा, पुढे यायचा, पण डार्ट बोटांतून सुटायचा नाही. कपाळावर घाम आला होता.

“काय झालं हो?”

“काही नाही. ती मिक्सरची कळ दाब जरा.”

“त्यात काही नाहीये.”

“नुसताच फिरव.”

तिनं रिकामा मिक्सर फिरवला. डार्ट सुटला आणि लागला. ही गोष्ट तिनं कोणाला सांगितली नाही. मिक्सर बंद करून ती शांतपणे कपडे वाळत घालायला गेली.

स्पर्धेला चौघंही गेले. मात्र जायच्या आधीच सासूबाईंचा घसा बसला. इतक्या दिवसांच्या ओरडण्यानं आवाज पार गेला होता. त्यांनी तोंड उघडलं की सायकलच्या चाकातून हवा जावी तसा नुसता फुस्स आवाज यायचा. मेहुणा म्हणाला, “हरकत नाही. तिथं आयता गोंगाट आहे.”

आणि होताच. प्रचंड सभागृह, लांबलचक टेबलं, हातात पेले घेतलेली गाजरं, कोंबड्या, एक अख्खं टोळकं स्वयंपाक्यांच्या टोप्या घातलेलं. कोण खेळतंय याच्याशी कोणाला कर्तव्य नव्हतं, ओरडायला मिळतंय एवढं पुरे होतं. रंगीत दिवे आणि कर्कश संगीत यांच्या मधून गरुड दोन्ही हात पंखांसारखे पसरून मंचावर गेला. बायकोनं मान खाली घातली.

पण त्या कल्लोळात तो खेळला मात्र जबरदस्त. समोरचा खेळाडू अनुभवी होता, तरी बरोबरी झाली आणि सामना शेवटच्या डावावर आला. गरुडाला आता एकच डबल हवं होतं. आणि इथं घोटाळा झाला. लोकांना हा नवखा, घामाघूम माणूस आवडायला लागला होता. एक गाजर उठून उभं राहिलं आणि त्यानं तोंडावर बोट ठेवलं.

“शू! बिचाऱ्याला नेम धरू द्या.”

कोंबड्या गप्प झाल्या. स्वयंपाक्यांनी पेले खाली ठेवले. पंचानंही “शांतता राखा” म्हणून सांगितलं. एवढं मोठं सभागृह एका माणसावरच्या मायेनं चिडीचूप झालं.

गरुडाचा हात वर गेला. पुढे आला, मागे गेला, पुढे आला. डार्ट सुटेना.

सासूबाईंनी ओळखलं. त्या उठून जीव तोडून ओरडल्या. फुस्स. मेहुण्यानं शिट्टी फुंकली. शिट्टीला तिथं बंदी होती. दोन दांडगे पहारेकरी आले आणि त्यांनी मॅनेजरांना दंडाला धरून बाहेर नेलं.

“हे शास्त्र आहे हो!” तो दारातून ओरडला. पण तोवर दार लागलं होतं.

राहिली बायको. तिनं नुसतं बसून राहायचं होतं. तो हरणार, उद्या कामावर जाणार, भाऊ आपल्या घरी जाणार, संध्याकाळी घड्याळाची टिकटिक ऐकू येणार. ती हाताची घडी घालून बसली. पण मंचावरचा तो हात पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिला. लोक एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. कोणीतरी फिसकन हसलं. तिला ते सहन होईना. ती ताडकन उठली.

“अहो! काय तो हात हलवत उभे राहिलात, झाडाला पाणी घालताय का? येत नसेल तर ठेवा ते खाली आणि चला घरी! न्हाणीघराची फरशी फुटून वर्ष झालं, ती बसवायला सवड नाही आणि निघाले जग जिंकायला! फरशी बसवणाऱ्याच्या घरात पाय कापतो माणसाचा! गरुड म्हणे! कोंबडीसुद्धा तुमच्यापेक्षा उंच उडते!”

डार्ट सुटला. डबलच्या मधोमध लागला.

सभागृह दणाणलं. वेशातल्या कोंबड्या टेबलांवर चढल्या. तिनं त्याला घरी न्यायला तोंड उघडलं होतं आणि तो दुसऱ्या फेरीत गेला होता.

बाहेरून परत आलेला भाऊ तिच्या पाया पडायचाच बाकी राहिला. “ताई, एवढे दिवस तू गप्प का होतीस गं? माझी तयारी तुझ्यापुढे काहीच नाही. आता नोकरी सोड. वर्षभर दौरे करू. मी तुमच्याकडेच राहतो.”

“किती दिवस?”

“कायमचाच, गं!”

गरुडही लाजत म्हणाला, “उद्यासाठी काहीतरी नवीन काढ हं. कोंबडीचं चांगलं होतं.”

दुसऱ्या दिवशी तिला पुढच्या रांगेत बसवलं. गाजरानं तिच्याकडे बघून हात केला. समोर एक जुना विजेता होता, गरुडाहूनही मोठ्या पोटाचा. तो थकला होता आणि चुका करत होता. पुन्हा सामना शेवटच्या डावावर आला, पुन्हा गरुडाला एकच डबल हवं होतं. आणि या वेळी सगळ्या सभागृहानं आपण होऊन श्वास रोखला, कारण सगळ्यांना आता त्या बाईंचं बोलणं ऐकायचं होतं. पंचसुद्धा तिच्याकडे बघत होता.

गरुडानं हात उचलला आणि अपमानाची वाट बघत उभा राहिला.

ती उठली. साडीचा पदर नीट केला. आणि अगदी हळुवार आवाजात म्हणाली, “अहो, किती छान खेळता हो तुम्ही.”

गरुडाचा हात हवेत थांबला.

“खरंच सांगते. मला फार अभिमान वाटतो तुमचा. सावकाश टाका, घाई नाही.”

“काय म्हणालीस?” असं म्हणत तो पुरता मागे वळला. लग्न झाल्यापासून हे वाक्य त्यानं ऐकलं नव्हतं. त्याच्या बोटांतला डार्ट आपोआप निसटला आणि त्याच्याच बुटात रुतला. उरलेले दोन कुठं गेले ते कॅमेऱ्यालाही सापडलं नाही. जुन्या विजेत्यानं पुढे येऊन आपलं डबल मारलं आणि सामना संपला.

घरी परतताना भाड्याची गाडी मेहुणा चालवत होता. मागं सासूबाई झोपल्या होत्या. बायको खिडकीबाहेर बघत होती. हरला होता, म्हणजे ठरल्याप्रमाणे उद्या ठेकेदाराकडे जाणार होता. तिनं मनातल्या मनात न्हाणीघराच्या फरशीचा रंगही ठरवून टाकला.

“माझ्या लक्षात आलं,” मेहुणा एकदम म्हणाला. “दाजी, तुम्हाला कौतुकाची सवयच नाही. तिथं मार खाल्ला आपण. कामावर जा तुम्ही, पण संध्याकाळ आपलीच. उद्यापासून ताई समोर बसून कौतुक करेल, तुम्ही नेम धरायचा. पुढच्या वर्षी बघा.”

“चालेल मला,” गरुड फार लवकर म्हणाला. मग बायकोकडे सरकून हळूच म्हणाला, “आत्ताच सुरू केलं तरी चालेल. ते अभिमानाचं पुन्हा म्हण ना.”

ती खिडकीबाहेरच बघत राहिली.

“बरं, वाईट बोल. मला दोन्ही चालतं.”

तिनं ओठ मिटून घेतले. शिव्यांची सवय त्याला लागली होती, कौतुकाचीही लागेल. गप्प बसलेल्या बायकोसमोर डार्ट फेकायचा सराव मात्र अजून तिच्या भावाला सुचला नव्हता, आणि तो सुचवायला ती काही तोंड उघडणार नव्हती.