फायरवॉलसमोर नाव कसं घ्यावं?

नव्याण्णव साली आमच्या कापूस कंपनीत कॉम्प्युटरची राखण करणाऱ्या, फायरवॉल नावाच्या दोन पेट्या आल्या. एक आदिलाबादच्या हापिसात, दुसरी मुधोळच्या शाखेत. (शाखा म्हणजे आमच्याच घराची ओसरी. तिथं फोन, कॉम्प्युटर, आमची बायको कुसुम आणि माझे वडील, म्हणजे तिचे मामाजी.) दोन्हींमध्ये व्हीपीएनचा टनेल, म्हणजे बाहेरच्याला न दिसणारा रस्ता, जुळला, तर मालक अमृतराव मला घरी बसून काम करू देणार होते. नाही जुळला, तर आदिलाबादेतच मुक्काम आणि खानावळीचं पाणचट वरण!

हैदराबादच्या इंजिनिअरनं हिंदीत समजावलं, "दोन्हीकडे एकच गुप्त शब्द टाका. टनेल उघडला की डायनॅमिक राउटिंग सुरू. पेट्या एकमेकींना आपापले रस्ते आपोआप सांगतात. शब्द वेगळा, तर अबोला."

कुसुम विसरणार नाही असा शब्द कोणता? माझं नाव! (स्वतःच्या अकलेचं मला त्या दिवशी फार कौतुक वाटलं.) इथं 'केशव' टाकलं, तिलाही फोनवर तसंच सांगितलं.

टनेल काही जुळेना. इंजिनिअरनं वायरी काढल्या, घातल्या, रस्ते तपासले. त्याच्या बसची वेळ झाली. अमृतरावांच्या कपाळावर आठ्या. शेवटी सगळ्यांसमोर स्पीकर लावून फोन केला.

"कुसुम, माझं नाव टाकलं ना?"

"अवो माय! नवऱ्याचं नाव कसं टाकू? मामाजी बाजूलेच बसून राह्यले!"

"अवं, पडद्यावर नुसत्या फुल्याच दिसतात!"

"फुल्या दिसल्या तरी बोटाले समजते न जी."

"मग काय टाकलं?"

"जाऊ द्या नं."

"कुसुम, घरी यायचं हाय मले!"

"तुमाले मनातल्या मनात म्हणते, ते टाकलं."

"काय म्हणते?"

मग हळूच, "येडपट."

हापीस खदखदून हसलं. इंजिनिअरला मराठी येत नव्हतं, तर अमृतरावांनी त्याला अर्थासकट समजावलं. (मालक एरवी इतके मदतीला धावत नाहीत.) मी माझ्याच हातानं तो शब्द टाकला, आणि टनेल जुळला! मला एवढा आनंद झाला की अपमान वाटून घ्यायचंच राहून गेलं.

"नार्नूरच्या शाखेत तिसरी पेटी येऊन राह्यली, तिलेही हाच शब्द," मालक म्हणाले, "तूच कळव."

तिथल्या डोमाजीला फोन लावला. आवाज खाली आणून म्हटलं, "कोणाले सांगू नको. गुप्त शब्द हाय, 'येडपट'."

"हे काऊन गुप्त, केशवराव?" डोमाजी म्हणाला. "हे तर कंपनीत साऱ्यायले माहीत हाय."