राखणीला नेलेला टीव्ही

टीव्ही शेडमध्ये नेला, एवढंच माझं चुकलं. (खुर्चीचंही थोडं चुकलं, पण ती बोलत नाही.)

खाण बंद पडल्यापासून माझा नवरा कथबर्ट लीक वाढवतो. कांद्याच्या कुळातली भाजी, पण त्याची एकेक माझ्या दंडाएवढी. क्लबातल्या प्रदर्शनात जोडी मांडायची असते. त्याआधी आठवडाभर गावातले पुरुष शेडमध्ये आपापल्या लीकच्या वाफ्याशेजारी झोपतात. रात्री कुणी येऊन ब्लेड मारलं की वर्षाची मेहनत गेली. यंदा अल्विनला हरवायचंच होतं. अकरा वर्षं तोच पहिला!

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री, शुक्रवारी, कथबर्ट खोकून बेजार झाला. म्हटलं, "जा, घरात नीज. मी बसते."

"तू? आज तुझा तो कार्यक्रम ना?"

"लीकपेक्षा कार्यक्रम मोठा का?"

(मोठा होता. तो जाताच लांब वायर ओढून छोटा टीव्ही आणला.)

त्यात युरोपातले एकेक नमुने दाखवतात. त्या रात्री बेल्जियमचा एक गृहस्थ कोंबड्यांना लोकरीचे मोजे घालत होता. मग एक जर्मन बाई भोपळ्याला अंगाई म्हणू लागली. मी नवऱ्याची टोपी कानांवर ओढली, मांडीवरची काठी सावरली, लीकचं पांघरूण नीट केलं आणि म्हटलं, "काय बाई वेडे लोक!" मग अशी हसले, की घडीच्या खुर्चीने पाय फाकले आणि मी थेट वाफ्यात.

कथबर्ट पायजम्यातच धावत आला. मी डोळे मिटून घेतले.

"म्हातारे, कुठे लागलं?"

"अरे, लीक..."

"मरू दे लीक! कंबर हलते का सांग."

त्रेचाळीस वर्षांत या माणसाने मला एक फूल दिलं नाही. पण त्या एका वाक्याचे उपकार मी अजून विसरले नाही.

सकाळी तर म्हणाला, "तो हिरवा कोट घाल. छान दिसतो तुला." मी विरघळलेच!

क्लबात त्याने जोडी मांडलीच: एक ताठ, एक चपटी, आणि पुढ्यात त्याने लिहिलेली चिठ्ठी. अल्विनकडे कुणी बघेना, सगळी गर्दी आमच्या टेबलाशी. लोक येऊन माझा हात दाबत होते. मीही ऐटीत मान डोलवत होते.

मला वाचता येत नाही. नातीला विचारलं, "लिंडसी, आजोबांनी त्या चिठ्ठीवर काय लिहिलंय गं?"

"आजी, 'वय अकरा महिने. मृत्यूचं कारण : हिरव्या कोटातली बाई.'"