देवयानीची कावीळ

समस्त पनवेलकरांना, विशेषतः नवीन पनवेलच्या रहिवाशांना, अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की देवयानी दीर्घिकेला झालेली कावीळ आता पूर्णपणे उतरली आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. अफवांवर विश्वास ठेवू नये. पाणी उकळून प्यावं, पण ते वेगळ्या कारणासाठी.

ही कावीळ ज्यांनी शोधून काढली ते उपासनीकाका आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. मी दुसऱ्या. आमच्यामध्ये फक्त एक स्लॅब आहे. विश्वात काही महत्त्वाचं घडलं की काका त्या स्लॅबवर काठी आपटतात आणि मी हातातला घास ठेवून वर जातो. एकदा ठोका म्हणजे धूमकेतू. दोनदा म्हणजे कॉम्प्युटर अडकला. तीनदा म्हणजे काकूंनी साबुदाण्याची खिचडी केली आहे. मी तिन्हींसाठी सारख्याच वेगाने जातो, असं मी त्यांना सांगितलेलं आहे.

काका निवृत्तीपर्यंत एका इस्पितळात एक्स-रे काढायचे. अर्ध्या पनवेलची छाती त्यांनी आतून पाहिलेली आहे. भाजी आणायला निघाले की रस्त्यात लोक त्यांना नमस्कार करतात आणि काका चेहऱ्याकडे न बघता बरगड्यांकडे बघून ओळख देतात. "हा डावीकडून तिसरी मोडलेला," असं मला हळूच सांगतात. जन्मभर "श्वास रोखा, हलू नका" म्हणत काढल्यावर निवृत्तीनंतर त्यांनी दुर्बीण घेतली, कॅमेरा घेतला आणि लाखो प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांचे फोटो काढू लागले. मी विचारलं, "काका, हेच का?" म्हणाले, "अरे प्रमोद, पेशंट बरा आहे. खोकत नाही."

आता तुम्हाला वाटेल की फोटो म्हणजे बटण दाबलं आणि झालं. मलाही वाटायचं. काका महिन्यातून एकदा, चंद्र नसेल तेव्हा, कर्नाळ्याच्या पुढे एका मित्राच्या शेतावर जातात आणि एकाच दीर्घिकेचे दोनशे फोटो काढतात. दोनशेही सारखे, दोनशेही भिकार. घरी आल्यावर ते कॉम्प्युटरमध्ये एकावर एक रचायचे. का? तर काका म्हणतात, "आपली सोसायटीची मीटिंग आठव. दोनशे माणसं ओरडतात, प्रत्येक जण वेगळं ओरडतो. सगळ्यांची बेरीज करून सरासरी काढली तर काय उरतं?"

"डोकेदुखी," मी म्हणालो.

"'पाणी येत नाही' एवढं उरतं. कारण ते सगळेच म्हणत असतात. तेवढंच खरं. बाकीचा सगळा नॉइज."

फोटो रचण्याआधी अजून दोन संस्कार असतात. पहिला म्हणजे झाकण लावून फोटो काढायचे. होय. कॅमेऱ्याला झाकण लावून अंधाराचे पन्नास फोटो. आमचे चेअरमन म्हात्रे मूळचे इथल्याच गावचे. त्यांनी एकदा हे पाहिलं आणि काळजीने म्हणाले, "काका, झाकण काढाला इसरलाव."

"विसरलो नाही. अंधारात कॅमेरा स्वतःच्या मनाने काय काय दाखवतो ते टिपून ठेवायचं. मग खऱ्या फोटोतून ते वजा करायचं."

"म्हनजे खोटा बोलताना पकराचा?"

"अगदी तसंच."

"मग आमच्या बिल्डरचा पन काढा एक. झाकन लावून."

या अंधाराच्या फोटोंना थंडी शेतावरच्या रात्रीइतकीच लागते. त्यामुळे पनवेलच्या उकाड्यात कॅमेरा फ्रिजमध्ये, इडलीच्या पिठाशेजारी ठेवलेला असतो. काकू तो उचलून पीठ काढतात आणि परत ठेवतात, जसं दुसऱ्या घरात दह्याचं भांडं सरकवतात.

दुसरा संस्कार बनियनचा. सकाळी गच्चीवर दुर्बीण उभी करायची, तिच्या तोंडावर पांढरा बनियन ताणून बसवायचा आणि त्यातून उजळ आकाशाचे फोटो काढायचे. यामुळे काचेवरची धूळ आणि कोपऱ्यातला काळोख कळतो आणि कॉम्प्युटर तो पुसून टाकतो. बनियनचा पांढरा हाच खरा पांढरा, असं कॉम्प्युटर धरून चालतो. एक बनियन त्यासाठी राखीव आहे. काका तो स्वतः घालत नाहीत. तो धुण्यात वेगळा टाकलेला असतो, सोवळ्यासारखा. "दुर्बिनीला थंडी वाजते काय?" असं म्हात्र्यांनी विचारलं होतं. "आमाला तं नाय वाजत."

बरं, हे सगळं काका शिकले कुठे? व्हिडिओंवर. कुठल्यातरी थंड देशातला एक दाढीवाला मनुष्य चित्र कसं खुलवायचं ते शिकवतो. काका त्याला अर्ध्या वेगाने लावतात, त्यामुळे तो दारू प्यायल्यासारखा बोलतो. काका दोनशे पानी वहीत लिहून घेतात. तारे वेगळे काढायचे, मागचा धुरळा वेगळा खुलवायचा, मग तारे परत पेरायचे. चार वर्षांत पाच वह्या झाल्या. ज्या ग्रुपवर ते फोटो टाकतात तिथले जाणकार त्यांना हात जोडून सांगतात की काका, आता पुरे, चित्र फार ताणलं जातंय. काका ऐकत नाहीत.

कारण ग्रुपच्या आधी चित्र काकूंना दाखवलं जातं. काकू पदराला हात पुसत येतात, स्क्रीनजवळ वाकतात, बराच वेळ बघतात आणि म्हणतात, "अंधुक आहे हो जरा."

झालं. काका पुन्हा वही उघडतात. आणखी धार, आणखी रंग, आणखी एक दाढीवाला. चार वर्षांत काकूंनी एकही चित्र पास केलेलं नाही. मी एकदा म्हणालो, "काका, सोडा ना. काकूंना कुठे यातलं कळतं?" तर असं बघितलं माझ्याकडे की मी खिचडीची वाटी खाली ठेवली. "तिला कळत नाही, तर मग कोणाला?" म्हणाले.

तर कावीळ. गेल्या हिवाळ्यात देवयानीचं चित्र पिवळं आलं. नुसतं पिवळसर नाही, तर लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लावल्यासारखं. काकांनी रंग सुधारला, दुसऱ्या चित्रात पुन्हा पिवळं. मृगातला तेजोमेघ पिवळा. कृत्तिका, ज्या निळ्याच असतात, त्याही पिवळ्या. तीन आठवडे इमारतीने दुःख भोगलं. काकांनी पहिल्यांदा रस्त्यावरच्या दिव्यांवर संशय घेतला, मग कॅमेऱ्यावर, मग स्क्रीनवर. मग मला बोलावून माझे डोळे तपासले. मग संशय दाढीवाल्यावर. "हा माणूस खोटं शिकवतो," म्हणाले. मला वाईट वाटलं, बिचारा दारू न पिता बदनाम झाला होता.

उलगडा गच्चीवर झाला. मी वाळत घातलेल्या चादरी काढायला गेलो होतो. तारेवर तो राखीव बनियन लटकत होता आणि तो निळा होता. म्हणजे अगदी आकाशी.

"काकू, हा बनियन निळा का?"

"निळा कुठे? नीळ दिलीये त्याला. हल्ली कपडे पिवळट निघतात बाई. पाणीच वाईट येतंय."

मी हसत हसत काकांना हे सांगितलं. निळ्या बनियनला कॉम्प्युटरने पांढरं धरलं होतं, म्हणून अख्ख्या विश्वातला निळा वजा होत होता. काका हसले नाहीत. ते जागेवरून उठले आणि कॉम्प्युटर लावला. बनियनचे दोन वर्षांचे फोटो त्यांच्याकडे होते, महिन्यावार, कारण ते काहीच पुसत नाहीत. त्यांनी ते ओळीने मांडले. पहिला पांढरा. मग किंचित. मग आणखी किंचित. दोन वर्षांत बनियन हळूहळू निळा होत गेला होता.

काकांनी आयुष्यभर अशा काळ्या-पांढऱ्या ओळी वाचल्या होत्या.

"प्रमोद," म्हणाले, "कपडे पिवळे नाहीत रे. तिला पिवळे दिसताहेत."

स्वयंपाकघरात काकू फोडणी करत होत्या. डबा हातात घेऊन, नाकाशी धरून, आत मोहरी आहे की जिरं ते वासाने बघत होत्या. मी ते शंभरदा पाहिलं होतं. मला वाटायचं, अनुभवी बाई आहेत.

डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. पांढरं पिवळं दिसतं आणि सगळंच धुरकट. काकू म्हणाल्या, वयच आहे, चालायचंच. ऑपरेशनला तयार होईनात. आजवर माझं काय अडलंय, म्हणाल्या. काका रोज नवं कारण काढून समजावत होते, पण आवाजात त्यांचा तो खाक्या नव्हता. एकदा जिन्यात मला म्हणाले, "चार वर्षं ती अंधुक म्हणत होती, आणि मी कॉन्ट्रास्ट वाढवत बसलो." मग दोन पायऱ्या उतरून परत वर गेले. कुठे निघाले होते ते विसरले असावेत.

शेवटी काकू तयार झाल्या. पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी काका बाहेर बाकावर ताठ बसले होते. पंधरा-वीस मिनिटांचं काम. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं, तर ते श्वास रोखून बसले होते. "काका, सोडा," मी म्हणालो. त्यांनी सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. काका गळ्यात भलीमोठी नळकांडी अडकवून आले. आत देवयानीचा छापलेला फोटो, दाराएवढा. पांढराशुभ्र नवा बनियन वापरून केलेला. डॉक्टर म्हणाले, आजच इतकं कशाला, दोन दिवसांनी दाखवा. काकांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

पट्टी निघाली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, काकूंनी मोजली. मग छताकडे बघून म्हणाल्या, "हा पंखा कोणी पुसत नाही का?" डॉक्टर ओशाळले. काकांनी फोटो उलगडला. एक बाजू मी धरली.

काकू बघत राहिल्या. एक बोट पुढे करून, कागदाला न लावता, त्यांनी ते एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असं नेलं. फार वेळ नेलं.

"अंधुक आहे का गं?" काकांनी विचारलं. हा आवाज मी स्लॅबच्या खालून कधी ऐकला नव्हता.

काकू एकदम त्यांच्याकडे वळल्या आणि बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, एवढं सगळं वर होतं, आणि मला तुम्ही खाली मेथी निवडत बसवलंत?"